दोन संगणक, प्रॉम्प्टमध्ये एकच नाव: होस्टनेम कायमचं कसं बदलायचं?

देवघेव_खिडकी · रविवार, रात्री 9.40

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. संगणकाचं शिक्षण झालेलं नाही. जे येतं ते कोहा, म्हणजे वाचनालयाच्या कामाचं सॉफ्टवेअर, बसवल्यापासून, काम करता करता आलेलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते, कुठलं महत्त्वाचं ते तुम्ही ठरवा.

आमच्याकडे उबुंटू लिनक्स 22.04 चे दोन संगणक आहेत, दोन्ही डेस्कटॉप आवृत्तीचे. एक आतल्या खोलीत. त्याच्यावर कोहा चालतं, सभासदांची सगळी देवघेव त्याच्यात. दुसरा जुना, तो सरावाचा. कोहाचा रात्रीचा बॅकअप मी रोज सकाळी माझ्या टेबलावरच्या संगणकात उतरवून ठेवते आणि महिन्यातून एकदा तो सरावाच्या संगणकावर चढवून बघते, की खरंच उघडतो ना. बॅकअपच्या भरवशावर राहिलेल्या एका वाचनालयाच्या वीस वर्षांच्या नोंदी गेलेल्या मी जवळून पाहिल्या आहेत. तेव्हापासूनचा हा नेम.

सरावाचा संगणक तयार करताना तंत्रज्ञांनी पहिल्याची डिस्क जशीच्या तशी त्याच्यात उतरवली. त्यामुळे टर्मिनल उघडलं की दोन्हीकडे प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहिण्याआधी दिसणारी ओळ, एकच. तिच्यात @ पुढे असतं ते संगणकाचं नाव, होस्टनेम:

एडमिन@लायब्ररी:~$

टेबलावरून एसएसएचने (दुसऱ्या संगणकाचं टर्मिनल दुरून उघडायची सोय) जोडताना मी खऱ्याला ‘लायब्ररी.लोकल’ आणि सरावाच्याला ‘लायब्ररी-2.लोकल’ असं लिहिते. हे ‘दोन’ कुणी लावलं माहीत नाही, आपोआप आलं, चालतं म्हणून वापरते.

गेल्या महिन्यात एका शनिवारी घात झाला. आमची वेळ सकाळी आठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी वाचनालय बंद असताना वीज गेली, तासाभराने आली. साडेतीनला मी बॅकअप चढवायला बसले. सरावाच्या टर्मिनलच्या खिडकीत जुना डेटाबेस पुसला, सकाळी उतरवलेला बॅकअप चढवला. पाचला देवघेवीची खिडकी उघडली तर काउंटरवर महिन्यापूर्वीच्या नोंदी! घाबरून दोन्ही संगणक बंद केले, परत सुरू केले. तेव्हा आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं दिसलं, पण त्या दिवशी सकाळची देवघेव नव्हती. 46 पुस्तकं. मी अजूनही प्रत्येक देवघेवीची कागदी चिठ्ठी ठेवते, म्हणून रात्री दहापर्यंत बसून सगळं परत भरलं. सरावाचा समजून खराच पुसला, एवढं कळलं. मी खिडकी बघूनच टाइप केलं होतं, असं आजही वाटतं. पण दोन्ही खिडक्यांत नाव एकच, तेव्हा कसली खात्री देणार?

आमच्या दाखल रजिस्टरमध्ये दोन पुस्तकांना एकच दाखल क्रमांक पडला तर ते निस्तरल्याशिवाय आम्ही पुढचं पुस्तक हातात घेत नाही. इथे तीन वर्षं दोन संगणक एकाच नावाने चाललेत. ते मला आता बदलायचंय.

केलेले प्रयत्न, फक्त सरावाच्या संगणकावर: तंत्रज्ञांनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे ‘सुडो होस्टनेम’ आणि पुढे नवं नाव (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). लगेच बदललं. मंगळवारी वीज गेली, आली आणि जुनंच नाव परत. मग ईटीसी फोल्डरमधल्या होस्टनेम या फाईलमध्ये ‘लायब्ररी_सराव’ असं लिहिलं आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता नाव टिकलंय, पण सुडो वापरलं की दर वेळी ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा संदेश येतो. खऱ्या संगणकाला हात लावलेला नाही.

नाव बदलण्याची खरी रीत कोणती? आणि खऱ्यावर बदललं तर कोहा बंद पडेल का?

आणखी एक, याचा नावाशी संबंध नसावा: त्याच मंगळवारी संध्याकाळी आमची सहायक मुलगी काउंटरवर होती. परत आलेल्या पुस्तकांना कोहा ‘हे दिलेलंच नाही’ म्हणत होतं. तिने दिलेली सहा पुस्तकं दुसऱ्या दिवशी कुठेच दिसेनात.

---

सह्यकडा · रविवार, रात्री 10.25

ताई, तुम्ही निम्मं काम बरोबर केलंय. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

‘होस्टनेम’ या कमांडने बदललेलं नाव फक्त चालू कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) स्मरणात राहतं. संगणक सुरू होताना ईटीसीमधली होस्टनेम फाईल वाचली जाते आणि तिच्यातलं नाव पुन्हा लागतं. मंगळवारी तेच झालं.

सुडोच्या संदेशाचं कारण शेजारच्या फाईलमध्ये आहे, तिचं नाव होस्ट्स, शेवटी ‘स’. तिच्यात 127.0.0.1 पुढे लोकलहोस्ट असेल, त्या ओळीला हात लावू नका. खालची 127.0.1.1 ची ओळ बघा, तिच्यापुढे अजून जुनं नाव असेल. सुडो स्वतःच्याच संगणकाचं नाव शोधतो, सापडलं नाही की कुरकुरतो. काम अडत नाही, पण दुरुस्त केलेलं बरं.

मी हा क्रम पाळतो. आधी होस्ट्स फाईलमध्ये 127.0.1.1 पुढे नवं नाव लिहायचं आणि त्याच ओळीत एक जागा सोडून जुनंही राहू द्यायचं. मग:

सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम नवंनाव

ही कमांड होस्टनेम फाईलही बदलते आणि चालू नावही, म्हणजे पुन्हा सुरू करायची गरज नाही. ‘युनेम -एन’ने खात्री करा. उघड्या खिडकीतला प्रॉम्प्ट मात्र जुनंच नाव दाखवेल, कारण बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम, सुरू होताना एकदाच नाव वाचून ठेवतं. बाहेर पडून पुन्हा जोडा, किंवा ‘एक्झेक बॅश’ म्हणा. सगळं ठीक दिसलं की होस्ट्समधलं जुनं नाव काढून टाका.

तुमच्या नव्या नावातला अंडरस्कोर काढा. होस्टनेममध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि मधे जोडरेघ, एवढंच नियमात बसतं. लिनक्स अंडरस्कोर चालवून घेतं, पण पुढे कुठलं तरी सॉफ्टवेअर त्यावर अडखळतं आणि तेव्हा कारण सापडत नाही. नाव लहान लिपीत आणि छोटं ठेवा. मर्यादा 63 अक्षरांची आहे, पण प्रॉम्प्टमध्ये रोज वाचायचंय ते.

मराठी नाव हवं असेल तर त्याचीही सोय आहे. होस्टनेमसीटीएलला ‘--प्रिटी’ जोडून अवतरणात ‘वाचनालय, मुख्य संगणक’ असं चक्क देवनागरीत देता येतं, मधे जागा चालते. ते प्रॉम्प्टमध्ये येत नाही, पण नुसतं होस्टनेमसीटीएल म्हटलं की दिसतं.

---

रात्रपाळी · रविवार, रात्री 11.50

ताई, शेवटी तुम्ही ‘नावाशी संबंध नसावा’ म्हणून जे लिहिलंय, तीच मुख्य गोष्ट आहे. आणि त्या शनिवारी तुम्ही चुकीच्या खिडकीत नव्हता असं मला वाटतं. नीट सांगतो.

उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत अवाही नावाची सेवा आधीपासून चालू असते. संगणक नेटवर्कमध्ये आला की ती ‘मी लायब्ररी.लोकल’ असं पुकारते. त्या नावाचा कुणी आधीच हजर असेल तर मागून आलेला स्वतःला ‘लायब्ररी-2.लोकल’ म्हणवतो. ते ‘दोन’ असं आलं. पण ते कुठल्या एका यंत्राला कायमचं चिकटलेलं नाही. जो आधी जागा होईल तो लायब्ररी, दुसरा लायब्ररी-2.

आता शनिवार बघा. दुपारी वीज गेली, दोन्ही बंद पडले. आधी कुठला सुरू झाला? सरावाचा असेल तर साडेतीनला ‘लायब्ररी-2’ हा तुमचा खरा संगणक होता. तुम्ही योग्य पत्ता लिहिला, योग्य खिडकीत काम केलं, आणि पत्त्यामागचं यंत्रच बदललेलं होतं.

महिन्यापूर्वीच्या नोंदींवरून हे पक्कं होतं. तुम्ही नुसती खिडकी चुकला असता तर पाच वाजता काउंटरवर आदल्या रात्रीचं दिसलं असतं, कारण खऱ्यावर तोच बॅकअप चढला होता. दिसलं महिन्यापूर्वीचं. म्हणजे काउंटर त्या वेळी सरावाच्या संगणकाशी बोलत होतं. मंगळवारीही तेच, म्हणून कोहा ‘दिलेलंच नाही’ म्हणालं. ती सहा पुस्तकं हरवलेली नाहीत. सरावाच्या संगणकावरचं कोहा उघडून मंगळवारची देवघेव बघा. त्याच्यावर नवा बॅकअप चढवण्याआधी बघा.

एसएसएचने ओरडायला हवं होतं. एरवी एका पत्त्यामागे दुसरं यंत्र आलं की ते मोठी सूचना देऊन जोडणीच थांबवतं. ओळख पटवायला प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असते. तुमच्याकडे डिस्क नक्कल केल्यामुळे दोघांची किल्लीही एकच. त्याला दोन्ही यंत्रं सारखीच दिसली.

म्हणून नाव बदलाच, पण सरावाच्या संगणकावर आणखी दोन कामं करा. संगणकासमोर बसून करा, दुरून नको.

एक: ईटीसीमधल्या एसएसएच फोल्डरात ‘एसएसएच_होस्ट_’ने सुरू होणाऱ्या फाईली पुसा आणि ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा. नव्या किल्ल्या तयार होतील. नंतर टेबलावरून आधीच्याच पत्त्याने जोडलं तर ती मोठी सूचना येईल, तेव्हा ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर मोठ्या लिपीत) आणि जुना पत्ता देऊन आधीची नोंद काढून टाका.

दोन: ईटीसीमधली मशीन-आयडी ही फाईल. प्रत्येक बसवणीला वेगळा क्रमांक मिळतो, नकलेत तोही तसाच आला. फाईल पुसायची नाही, फक्त रिकामी करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. सुरू होताना नवा क्रमांक लिहिला जातो. हा क्रमांक सारखा असला की कधी कधी राउटर दोघांना एकच आयपी पत्ता देऊन बसतो.

---

देवघेव_खिडकी · सोमवार, सकाळी 7.15

रात्रपाळी दादा, तुमचं उत्तर पहाटे वाचलं आणि सहा वाजता वाचनालयात आले.

वीज आली की सरावाचा संगणक आपोआप सुरू होतो. खऱ्याला बटण दाबावं लागतं. त्या शनिवारी मी साडेतीनला येऊनच बटण दाबलं होतं. आणि मंगळवारची सहाही पुस्तकं सरावाच्या कोहात सापडली, सभासद क्रमांकासकट. उतरवून घेतली.

महिनाभर मी स्वतःला बोल लावत होते. कार्यकारिणीपुढेही ‘माझ्याकडून चूक झाली’ असंच सांगितलं होतं. आज ते पत्र दुरुस्त करून देणार आहे.

आता कोहाचं सांगा. आणि नावं सुचलीत: खऱ्याला ‘मूळप्रत’, सरावाच्याला ‘तालीम’.

---

सह्यकडा · सोमवार, सकाळी 8.05

रात्रपाळी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुडोच्या संदेशात अडकलो.

ताई, कोहाच्या बसवणीचं स्वतःचं वेगळं नाव असतं, डेटाबेस आणि सेटिंग्जच्या फाईली त्या नावाने असतात. संगणकाचं होस्टनेम बदलून त्याला धक्का लागत नाही. तुटेल ते बाहेरून येणाऱ्यांचं: काउंटरवर ‘लायब्ररी.लोकल’चा बुकमार्क असणार, तो नव्या नावावर न्या. त्याआधी अपाचेच्या (कोहाची पानं ब्राउझरला देणारा वेब सर्व्हर) सेटिंग्जमध्ये कोहाच्या फाईलमध्ये ‘सर्व्हरनेम’च्या ओळी बघा. तिथे जुनं नाव असेल तर तेही बदलून अपाचे पुन्हा सुरू करा. खऱ्या संगणकाला राउटरमधून पक्का आयपी देऊन ठेवलात तर आणखी चांगलं.

सगळ्याच सॉफ्टवेअरचं असं नसतं. रॅबिटएमक्यू, म्हणजे कामांची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर, आपल्या डेटाच्या फोल्डरला होस्टनेमवरूनच नाव देतं. नाव बदललं की ते कोरं सुरू होतं आणि माणसाला वाटतं सगळं गेलं. तुमच्याकडे ते चालू असेल तर कोहाची पार्श्वभूमीतली कामं त्याच्यातून जातात. म्हणून बदल दुपारी, वाचनालय बंद असताना करा, हातात रांगेतलं काम नसताना. आणि त्या आधी अर्थातच बॅकअप.

नावं सुंदर आहेत, एकच शंका. रोमनमध्ये ‘मूळ’ला यू लावणार की दोन ओ? ‘तालीम’ला आय की दोन ई? तुम्ही एक लिहाल, सहायक दुसरं लिहील. संगणकाला नाव कसं निवडावं यावर 1990 साली निघालेली आरएफसी 1178 (इंटरनेटवाल्यांच्या क्रमांकित टिपणांपैकी एक) आहे. एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जाईल असं नाव टाळा, हे तिच्यातही सांगितलंय. आपल्या भाषेची नावं रोमनमध्ये घालताना हा प्रश्न दर पावलाला येतो. आमच्याकडे ‘तोरणा’चं स्पेलिंग तिघांनी तीन केलं होतं.

---

मॅकवाला_कोथरूड · सोमवार, सकाळी 11.30

थोडं विषयांतर, पण याच शीर्षकाखाली शोधत कुणी येईल म्हणून. मॅकवर संगणकाची तीन नावं असतात: कॉम्प्युटरनेम, लोकलहोस्टनेम आणि होस्टनेम. सेटिंग्जमध्ये नाव बदललं की पहिली दोन बदलतात. तिसरं रिकामं असेल तर जोडलेल्या नेटवर्ककडून मिळालेलं नाव प्रॉम्प्टमध्ये येऊ शकतं. माझ्या झेडशेलमध्ये (मॅकवरचं बॅशसारखंच) घरी एक नाव आणि दुसरीकडच्या वायफायवर भलतंच दिसायचं. ‘सुडो एसक्यूटिल --सेट होस्टनेम’ आणि पुढे नाव (स्पेलिंग एस-सी-यू-टी-आय-एल, होस्टनेममधले एच आणि एन मोठ्या लिपीत) दिल्यावर ते थांबलं.

---

शेंदरी_प्रॉम्प्ट · सोमवार, दुपारी 1.10

नावं वेगळी केल्यावरही घाईत डोळा फसतो. म्हणून खऱ्या संगणकाचा प्रॉम्प्ट लाल करा.

होम फोल्डरमधली डॉट-बॅशआरसी फाईल उघडा. तिच्यात पीएस1 ने सुरू होणारी रंगीत ओळ असेल. त्या ओळीत बॅकस्लॅश-यू म्हणजे वापरकर्ता, बॅकस्लॅश-एच म्हणजे होस्टनेम, बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे फोल्डर. नावाच्या आधी 01;32 असा आकडा दिसेल, तो हिरवा. त्याचा 01;31 केला की लाल. आकड्यांभोवती बॅकस्लॅशसकट चौकटी कंस आहेत ते चुकूनही काढू नका. ते गेले की बॅशला ओळीची लांबी मोजता येत नाही आणि मोठी कमांड लिहिताना अक्षरं एकमेकांवर चढतात. मी एकदा काढले होते, दोन दिवस कीबोर्ड बिघडला असं समजत होतो.

दुसरं, खऱ्या संगणकावर ‘मॉली-गार्ड’ हे पॅकेज बसवा: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मॉली-गार्ड’. एसएसएचवरून तुम्ही बंद करायची किंवा रीबूटची कमांड दिली की ते आधी संगणकाचं नाव टाइप करायला लावतं. नाव चुकलं तर बंद होत नाही. डेटाबेस पुसण्यापासून ते वाचवणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. त्यासाठी बॅकअप चढवायची तुमची जी स्क्रिप्ट असेल तिच्या पहिल्याच ओळीत होस्टनेम तपासा, सरावाचं नसेल तर तिथेच थांबवा.

एक धोका आधीच सांगतो. क्रोम उघडं असताना होस्टनेम बदलू नका. क्रोम आपल्या कुलपाच्या फाईलमध्ये होस्टनेम लिहून ठेवतं. नंतर ‘हे प्रोफाईल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे’ म्हणून उघडत नाही. तसं झालं तर होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात, गूगल-क्रोमच्या आत, सिंगलटनलॉक नावाची फाईल आहे, ती पुसायची.

---

देवघेव_खिडकी · बुधवार, रात्री 9.05

काल आणि आज मिळून सगळं केलं. जसं झालं तसं लिहिते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

नावं बदलली: खरा आता ‘कोठी’ आणि सरावाचा ‘सराव’. सहायक मुलीला दोन्ही शब्द न सांगता रोमनमध्ये लिहायला लावले. तिने के-ओ-टी-एच-आय आणि एस-ए-आर-ए-व्ही असंच लिहिलं, म्हणून हीच पक्की केली. ‘तालीम’ तिने दोन ई लावून लिहिलं होतं.

आधी सरावाच्या संगणकाचं केलं. होस्ट्स, मग होस्टनेमसीटीएल. सुडोचा संदेश गेला. किल्ल्या नव्या केल्या, मशीन-आयडी रिकामी करून पुन्हा सुरू केला. टेबलावरून जोडल्यावर ती मोठी सूचना प्रथमच पाहिली. भीती वाटली आणि बरंही वाटलं. हीच सूचना त्या शनिवारी आली असती तर मी थांबले असते.

मग आज दुपारी खरा. बॅकअप घेतला, क्रोम बंद केलं, नाव बदललं. अपाचेमध्ये ‘सर्व्हरनेम’पुढे जुनं नाव निघालं, दोन जागी, सभासदांच्या शोधपानासाठी एक आणि आमच्या कामाच्या पानासाठी एक. ते बदललं. काउंटरचा बुकमार्क ‘कोठी.लोकल’वर नेला. पाचला खिडकी उघडली, पहिलं पुस्तक नीट चढलं.

प्रॉम्प्ट आता लाल आहे. देवनागरी नावही दिलं: ‘वाचनालय, कोठीतला संगणक’. टर्मिनलमध्ये ते जोडाक्षरांसकट नीट दिसलं तेव्हा मुलीला बोलावून दाखवलं.

आणि परीक्षा घेतली. दोन्ही बंद केले, मुद्दाम सरावाचा आधी सुरू केला, दहा मिनिटांनी कोठी. दोन्ही पत्ते आपापल्या जागी.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीत तपासणी घातली आणि ती कोठीवर चालवूनही बघितली, पुसायची ओळ आधी काढून ठेवून. ‘हा सरावाचा संगणक नाही’ म्हणून थांबली.

आता एकच शंका: कोठीवरच्या ज्या किल्लीने मी बॅकअप टेबलावर पाठवते, तिच्या शेवटी अजून ‘एडमिन@लायब्ररी’ लिहिलेलं दिसतं. ती नव्याने करायला हवी का?

---

रात्रपाळी · बुधवार, रात्री 10.30

नको. किल्ली तयार करताना जे नाव होतं ते शेवटी टीप म्हणून लिहिलं जातं, जोडणीत ते कुणी बघत नाही. वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून फाईल उघडून शेवटचा शब्द बदललात तरी चालेल, त्याआधीची लांब अक्षरमाळ जशीच्या तशी राहू द्या.

पण ही किल्ली डिस्क नक्कल होण्याआधीची असेल तर तिची प्रत सरावाच्या संगणकावरही आहे. होम फोल्डरातल्या डॉट-एसएसएचमध्ये बघा, आणि असेल तर सरावाच्या संगणकावरून ती काढून टाका.